थेट मतदारांनी केलेले कायदे: प्रश्न कोण लिहितो आणि चूक कोण दुरुस्त करतो?

२०१६ च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीआधी कॅलिफोर्नियातल्या मतदारांच्या घरी सरकारकडून एक पुस्तक आलं. पानं २२४. राष्ट्राध्यक्ष कोण, हा प्रश्न होताच. पण त्याशिवाय मतपत्रिकेवर राज्याचे आणखी १७ प्रश्न होते. फाशीची शिक्षा रद्द करायची का? तीच शिक्षा लवकर अमलात आणायची का? (हो, दोन्ही प्रश्न एकाच मतपत्रिकेवर.) गांजा कायदेशीर करायचा का? सिगारेटवरचा कर वाढवायचा का? दुकानातल्या प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी ठेवायची का? प्रौढांच्या चित्रपटांत कंडोम सक्तीचा करायचा का? हे मतचाचणीचे प्रश्न नव्हते. झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं 'हो'कडे गेली की तो कायदा.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल किंवा फ्रिमाँटला ज्यांचे भाऊबंद राहतात त्यांच्या कानावर 'प्रॉप' हा शब्द पडलेला असतो. प्रॉप म्हणजे प्रपोझिशन, मतपत्रिकेवरचा प्रस्ताव. २०२५ च्या नोव्हेंबरात प्रॉप ५० गाजला, तो अमेरिकी संसदेच्या मतदारसंघांच्या सीमांबद्दल होता. अशा बातम्या आल्या की आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच, "ही खरी लोकशाही. आमदार फुटतात, विकले जातात. त्यापेक्षा लोकांनाच थेट ठरवू द्या." महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत जे पाहिलं, त्यानंतर या बोलण्यावर हसणं कठीण आहे. पण ते करून पाहिलेल्यांचा शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव काय सांगतो, हे बघायला हवं.

## आधी तीन प्रकार वेगळे करू

तुमच्या सोसायटीचा कारभार कमिटी बघते. कमिटीने पार्किंगचा नवा नियम केला. सभासदांना तो पटला नाही, त्यांनी सह्या गोळा केल्या आणि नियम सर्वसाधारण सभेत मतदानाला आणायला लावला. हा झाला रेफरेंडम: विधिमंडळाने केलेला कायदा लोकांनी अडवून स्वतःच्या मताला लावणं.

दुसरा प्रकार. गच्चीवरच्या सोलरचा विषय कमिटी वर्षानुवर्षं पुढे ढकलते आहे. शेवटी काही सभासद स्वतःच नियम लिहितात, सह्या जमवतात आणि कमिटीला वगळून सभेत मंजूर करून घेतात. हा इनिशिएटिव्ह. इथे कायद्याचा मसुदाच विधिमंडळाबाहेर तयार होतो.

तिसऱ्या प्रकारात कमिटीच म्हणते, "हे आम्ही एकट्याने ठरवत नाही, सभेने ठरवावं." प्रॉप ५० या जातीचा होता, तो विधिमंडळानेच लोकांपुढे ठेवला होता.

तिन्हींना मिळून आपण सार्वमत म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो, कारण तिन्हींचे गुणदोष सारखे नाहीत. पहिल्यात लोक फक्त 'नको' म्हणू शकतात. तिसऱ्यात प्रश्न निवडून आलेल्यांनी लिहिलेला असतो, म्हणजे त्याचा जाब विचारायला समोर माणूस असतो. दुसऱ्यात प्रश्न कोणीही लिहू शकतं. वाद आहे तो मुख्यतः या दुसऱ्याचा.

कॅलिफोर्नियात इनिशिएटिव्हची वाट अशी आहे: मसुदा लिहायचा, २,००० डॉलर भरायचे, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडून (म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडून) शीर्षक आणि सारांश घ्यायचा, मग १८० दिवसांत सह्या. साध्या कायद्यासाठी, गव्हर्नरपदाच्या गेल्या निवडणुकीत जितकी मतं पडली त्यांच्या ५ टक्के. राज्यघटना बदलायची असेल तर ८ टक्के. २०२२ च्या निवडणुकीवरून हे आकडे ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१ असे निघाले. या दोन आकड्यांतलं अंतर लक्षात ठेवा. राज्याची घटना बदलायला साध्या कायद्यापेक्षा फक्त सव्वातीन लाख सह्या जास्त लागतात, आणि मतदानात दोन्हींना साधं बहुमत पुरतं.

## हे आलं कुठून?

रेल्वे कंपनीच्या रागातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न पॅसिफिक रेल्वेचं कॅलिफोर्नियाच्या राजकारणावर इतकं वजन होतं की लोक तिला ऑक्टोपस म्हणत. आमदार विकत घेता येतात, सगळं राज्य विकत घेता येणार नाही, असा सुधारकांचा हिशेब. स्वित्झर्लंडचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. साउथ डकोटाने १८९८ मध्ये सुरुवात केली, ऑरेगनने १९०२ मध्ये ही पद्धत आणली, आणि १० ऑक्टोबर १९११ ला गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ती स्वीकारली. त्याच दिवशी तिथल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला, तोही सार्वमतानेच. आज अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या राज्यांत यातलं काही ना काही आहे. केंद्राच्या कायद्यांसाठी मात्र कुठलंच नाही.

## "पण सामान्य माणसाला कायद्यातलं काय कळतं?"

सगळ्यात आधी येणारा हा आक्षेप मला सगळ्यात लंगडा वाटतो. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात वाहन विम्याचे हप्ते भडकले होते आणि मतपत्रिकेवर विम्याबद्दलचे एक-दोन नाही, पाच प्रस्ताव होते. मजकूर किचकट, एकमेकांना छेद देणारा. विमा कंपन्यांनी सहा कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला. मतदारांनी पाचांपैकी नेमका एक उचलला: प्रॉप १०३, ग्राहक चळवळीचा, तोही अगदी थोड्या फरकाने. आर्थर लुपिया या राज्यशास्त्रज्ञाने तेव्हाच्या मतदारांचा अभ्यास केला. ज्यांना तपशील ठाऊक नव्हते पण 'कंपन्या कशाच्या बाजूने आहेत' एवढं माहीत होतं, त्यांनी जवळपास तसंच मत दिलं जसं सगळा मजकूर समजलेल्यांनी दिलं.

आपणही असंच करतो. अमुक योजनेला कोणाचा विरोध आहे, एवढ्यावरून बरंच कळतं. आमदार तरी प्रत्येक विधेयक वाचून हात वर करतात असं कोण म्हणेल?

तेव्हा मतदार अडाणी आहेत हा मुद्दा सोडून देऊ. खरी अडचण समजायला एका विशिष्ट कायद्याकडे नीट पाहावं लागेल.

## प्रॉप १३: बरोबर राग, कायमचा उपाय

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती उड्या मारत होत्या. मालमत्ता कर बाजारभावावर, त्यामुळे करही उड्या मारत होता. घर तेच, पेन्शन तीच, कर मात्र दुप्पट. अशा म्हाताऱ्या जोडप्यांना घर विकायची वेळ येत होती. राज्याच्या तिजोरीत मात्र अब्जावधी डॉलरची शिल्लक होती. विधिमंडळ चर्चा करत राहिलं. शेवटी हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन या दोघांनी सह्या जमवल्या आणि ६ जून १९७८ ला प्रॉप १३ सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर झाला. विधिमंडळाने घाईघाईत स्वतःचा पर्यायही मतपत्रिकेवर ठेवला होता. लोकांनी तो नाकारला.

प्रस्तावाने काय केलं? घराचं मूल्य १९७५-७६ च्या पातळीवर मागे नेलं. कर त्या मूल्याच्या १ टक्क्यावर थांबवला. मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. घर विकलं गेलं की मात्र बाजारभावाने नवं मूल्य. वर आणखी एक कलम: राज्याचा कर वाढवायचा तर विधिमंडळात दोन-तृतीयांश मतं हवीत. आणि हे सगळं थेट राज्यघटनेत.

मालमत्ता कराचं उत्पन्न एका झटक्यात निम्म्याहून खाली आलं. शाळा आणि शहरं या करावर चालत होती. ती आता पैशासाठी राज्य सरकारच्या दारात उभी राहिली. म्हणजे ज्यांनी स्थानिक करावर चिडून मत दिलं, त्यांनी नकळत स्थानिक सत्ता राजधानी सॅक्रामेंटोला नेऊन दिली. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, शाळांच्या पैशाची हमी देणारा प्रॉप ९८ आला, तोही घटनेत. एका प्रस्तावाने उत्पन्न बांधलं, दुसऱ्याने खर्च. मधल्या जागेत अर्थसंकल्प बसवायचा आमदारांनी, आणि बसला नाही की शिव्याही त्यांनाच.

शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला फरक तर विलक्षण. लॉस एंजेलिसमध्ये १९८८ साली साधं घर घेतलेल्या एका महिलेला कळलं की तशाच घरांत आधीपासून राहणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा आपण जवळपास पाचपट कर भरतोय. मालिबूच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या २१ लाख डॉलरच्या घराला जितका कर होता जवळपास तितकाच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९२ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. आज बे एरियात नव्याने घर घेणारं मराठी कुटुंब हाच हिशेब भरतं. सवलत फक्त घरांना नाही, कंपन्यांच्या जमिनींनाही आहे, आणि कंपनीची जमीन क्वचितच विकली जाते. मोठ्या व्यापारी मालमत्तांची सवलत तेवढी काढावी, असा प्रस्ताव २०२० मध्ये आला आणि थोडक्यात पडला.

१९७८ च्या मतदारांचा राग खोटा नव्हता. उपायातही तथ्य होतं. विधिमंडळात असाच कायदा झाला असता तर पाच वर्षांनी कोणीतरी म्हणालं असतं, "कंपन्यांना वगळा, दोन टक्क्यांचे तीन करा." इथे ती वाटच ठेवली नव्हती. साध्या कायद्यांनाही हे लागू आहे: कॅलिफोर्नियात लोकांनी मंजूर केलेला इनिशिएटिव्ह विधिमंडळ स्वतःहून बदलू शकत नाही, त्या प्रस्तावातच तशी परवानगी लिहिली असेल तरच. नाहीतर पुन्हा मतदान. मसुदा लिहिणाऱ्याच्या हातून राहिलेली एखादी ढिसाळ व्याख्याही मग वर्षानुवर्षं तशीच राहते.

## "म्हणजे हा पैसेवाल्यांचाच खेळ नाही का?"

अर्धा आहे. १८० दिवसांत साडेपाच लाख वैध सह्या हौशी कार्यकर्त्यांच्या बळावर जमत नाहीत. मॉलच्या दारात पॅड घेऊन उभा असलेला माणूस बहुतेक वेळा दर सहीमागे पैसे घेणारा असतो. कोलोराडोने ही पगारी सह्यांची पद्धत बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ती बंदी अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली. म्हणजे सह्यांची अट, जी 'जनतेत खरंच पाठिंबा आहे का' हे तपासायला होती, ती आता 'तिजोरीत पैसे आहेत का' हे तपासते.

२०२० चा प्रॉप २२ घ्या. आदल्या वर्षी विधिमंडळाने कायदा केला होता, त्यानुसार उबर-लिफ्टचे चालक कंपनीचे कर्मचारी ठरत होते. कंपन्यांनी स्वतःचा प्रस्ताव लिहिला: चालक स्वतंत्र कंत्राटदारच राहतील, थोडे लाभ देऊ. २० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला आणि जिंकल्या. त्यात एक कलम होतं, ज्यासाठी मी प्रॉप २२ कायम लक्षात ठेवीन: विधिमंडळाला यात बदल करायचा तर सात-अष्टमांश बहुमत हवं. जवळजवळ एकमत! ज्या रेल्वे कंपनीच्या धास्तीने हे हत्यार घडलं, तिच्या नातवंडांनी ते असं वापरलं.

पण 'पैसा जिंकतो' असंही सरळ नाही. २०१० मध्ये पीजी अँड ई या वीज कंपनीने स्वतःच्या सोयीचा प्रस्ताव आणला, सुमारे साडेचार कोटी डॉलर घातले आणि हरली. २०२२ मध्ये सट्टेबाजीच्या दोन प्रस्तावांवर दोन्ही बाजूंनी मिळून ४० कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. दोन्ही दणकून आपटले. लोक गोंधळले की 'नाही' म्हणतात. त्यामुळे पैशाने 'हो' मिळवणं कठीण, 'नाही' मिळवणं सोपं.

आणि वेळ विकत घेणं त्याहून सोपं. २०१४ मध्ये विधिमंडळाने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली. पिशवी उत्पादकांनी रेफरेंडमसाठी सह्या जमवल्या आणि कायदा मतदानापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर २०१६ पर्यंत, थांबला. मतदारांनी बंदी कायम ठेवली खरी, पण उत्पादकांना मधला धंदा मिळालाच. (तिथे 'हो' म्हणजे 'कायदा ठेवा' आणि 'नाही' म्हणजे 'काढा'. अनेकांचा इथेच घोळ होतो.)

सगळ्यात मजेशीर म्हणजे जो प्रस्ताव मतदानाला येतच नाही तो. २८ जून २०१८ या एकाच दिवशी कॅलिफोर्नियात दोन कायद्यांवर गव्हर्नरची सही झाली. एक नागरिकांच्या माहितीच्या गोपनीयतेचा, अमेरिकेत तेव्हा नवाच. दुसरा, गावांना आणि शहरांना शीतपेयांवर नवा कर लावायला २०३० अखेरपर्यंत मनाई करणारा. दोन्ही एकाच युक्तीने झाले: सह्या जमवून प्रस्ताव तयार ठेवायचा आणि विधिमंडळाला म्हणायचं, "तुम्ही कायदा करा, मी प्रस्ताव मागे घेतो." एका ठिकाणी ही धमकी लोकांच्या भल्याची ठरली, दुसऱ्या ठिकाणी शीतपेय कंपन्यांच्या.

## "बहुमताने दुबळ्यांचे हक्क काढून घेतले तर?"

घेतलेत. घर भाड्याने देताना वर्णभेद करायला मनाई करणारा कायदा १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी उलटवला. तो निकाल पुढे न्यायालयांनी रद्द केला. २००८ मध्ये समलिंगी विवाहावर बंदी घातली. तीही न्यायालयात टिकली नाही, आणि २०२४ मध्ये तो मजकूर मतदारांनीच घटनेतून काढला. स्वित्झर्लंडमध्ये १९५९ मध्ये पुरुषांनी मत देऊन बायकांचा मताधिकार नाकारला; तो देशपातळीवर मिळाला १९७१ मध्ये.

विधिमंडळांनीही असले कायदे केलेत, हे खरं. तिथे निदान समितीत कोणी उठून बोलू शकतं, दुरुस्ती सुचवू शकतं. सार्वमतात दुरुस्ती सुचवता येत नाही. हो किंवा नाही. म्हणून सार्वमत जिथे आहे तिथे मूलभूत हक्क जपणारं न्यायालय भक्कम असणं ही पूर्वअट आहे.

## मग आमदारांना बदल करू द्यायचा का?

इथे दुसरी खोच. साउथ डकोटाच्या मतदारांनी २०१६ मध्ये राजकारणातल्या पैशावर लगाम घालणारा कायदा केला. काही महिन्यांत आमदारांनी तो 'तातडी' दाखवून रद्द केला. मिसुरीत २०२४ मध्ये मतदारांनी कामगारांना पगारी आजारी रजा मंजूर केली. २०२५ मध्ये विधिमंडळाने ती काढून टाकली. कुलूप नसेल तर असं होतं. कुलूप फार मजबूत असेल तर प्रॉप १३ होतं.

मला वॉशिंग्टन राज्याचा नियम शहाणपणाचा वाटतो: लोकांनी केलेला कायदा पहिली दोन वर्षं विधिमंडळाने रद्द करायचा नाही, बदलायचाच तर दोन-तृतीयांश मतांनी, त्यानंतर इतर कायद्यांसारखा. दोन वर्षांत निवडणूक येते. लोकांचा कायदा मोडणाऱ्या आमदाराला लोकांसमोर जावं लागतं.

## आपल्याकडे असं काही झालंय?

झालंय, आणि मराठी माणसाच्या अगदी जवळ. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पानं. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१. गंमत पुढे आहे. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोंयकारांनी, ज्यांचा झेंडाच विलीनीकरणाचा होता त्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्ता दिली, दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. पक्ष हवा, पण त्याची ही एक मागणी नको. आमदाराला मत देताना आपण पन्नास गोष्टींचं गाठोडं उचलतो; गाठोड्यातली एकच वस्तू बाजूला काढायची सोय सार्वमतात मिळते. यापेक्षा चांगलं उदाहरण मला अमेरिकेतही सापडलं नाही.

त्याच कौलाने मर्यादाही दाखवली. मतपत्रिकेवर 'स्वतंत्र राज्य' हा पर्यायच नव्हता. गोवा राज्य झालं ३० मे १९८७ ला, वीस वर्षांनी.

१९७८ मध्ये, म्हणजे प्रॉप १३ च्याच वर्षी, जनता सरकारने घटनादुरुस्तीच्या विधेयकात अशी तरतूद ठेवली होती की घटनेच्या मूलभूत गोष्टी बदलायच्या तर देशभर सार्वमत घ्यावं लागेल. लोकसभेने मान्य केली, राज्यसभेने वगळली.

आणि एक तर आपल्या गावातच आहे: आडवी बाटली. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली, की दारूच्या दुकानावर मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पॅडवर सह्या घेणारे पगारी लोक इथे नाहीत. बचत गटाच्या बायका दारोदार फिरतात. पण बारीक अक्षरातली अट बघा: आडव्या बाटलीला झालेल्या मतांच्या नव्हे, नोंदलेल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. ऊसतोडीला गेलेली, माहेरी गेलेली, यादीत नाव असून वारलेली, प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात मोजली जाते. हा नियम कॅलिफोर्नियाला लावला असता तर तिथे फारसे कायदे झालेच नसते.

## महाराष्ट्रात राज्यपातळीवर आणलं तर?

पहिली गोष्ट, संसदेने घटनादुरुस्ती केल्याशिवाय ते शक्य नाही. राज्याचा कायदा करण्याचा अधिकार घटनेने विधिमंडळाला दिला आहे. ती झाली असं धरू. २०२४ च्या विधानसभेला सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदान साधारण ६६ टक्के. कॅलिफोर्नियाची ५ टक्क्यांची अट लावली तर ३२ लाख सह्या, सहा महिन्यांत. बूथपर्यंत माणसं असलेला पक्ष, मोठी जातसंघटना, साखर कारखान्यांचं जाळं किंवा गडगंज कंपनी यांच्याशिवाय हे कोणाला जमेल? मेळघाटातल्या कुपोषणावर प्रस्ताव येण्याआधी आरक्षणावर परस्परविरोधी दोन येतील, आणि दोन्हींना सह्या मिळतील.

म्हणून मी सुरुवात रेफरेंडमपासून करीन, तीही महापालिकेच्या पातळीवर. पालिकेने एखादं मैदान खासगी विकासकाला द्यायचा ठराव केला, तर ठराविक मुदतीत प्रभागातल्या मतदारांना तो अडवून मतदानाला लावता यावा. मुदत संपली की ठराव लागू. इथे लोकांना मसुदा लिहायचा नाही, नगरसेवकांच्या मसुद्याला नको म्हणायचंय. इनिशिएटिव्ह नंतर, तोही साध्या कायद्यापुरता, राज्याचा खजिना बांधून टाकणारा नाही, आणि दोन वर्षांनी विधानसभेला बदलता येईल असा. पगारी सह्या घेणाऱ्यांना पैसे कोण देतंय, ते सहीच्या कागदावरच ठळक छापलेलं असावं.